खिंडसीच्या काठावरचं वांगं आणि तीस सेंटिमीटर पाणी

मागच्या डिसेंबरात रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकाठी आम्ही भरताचं एक वांगं पाऊण तास भाजत होतो. कांद्याची पात चिरून झाली होती, लसूण-मिरची ठेचून झाली होती, पण वांग्याची साल काही काळी पडेना. ग्रिलखालची ज्योत समईच्या वातीएवढी होती. मावसभाऊ शेवटी मला म्हणाला, "दादा, तू एवढी वर्षं फिजिक्स शिकवलं ना? मग सांग, हे भाजून काऊन नाही राहिलं?"

त्याने टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन करून घेतली आहे. आत दोन बर्नरची शेगडी, मागच्या बाजूला सिलिंडरची पेटी, आणि दाराशेजारी बाहेरून एक गॅस पॉइंट. हा बाहेरचा पॉइंट त्याने हट्टानं बसवून घेतला, आणि त्याचं बरोबरच होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या डब्यात शेगडी पेटवणं म्हणजे स्वतःच भाजून निघणं. शिवाय सावजी मटणाची फोडणी एकदा आत दिली की पुढचे चार दिवस उशाही त्याच वासाच्या. स्वयंपाक बाहेर आणि झोप आत, हीच कॅरव्हॅनची खरी सोय.

ग्रिल मात्र त्याने अमेरिकेहून आणली होती. लेकीकडे गेला असताना ते सगळे भाड्याच्या मोटरहोमने फिरले, तिथे बाहेर गॅसवर भाजलेलं सगळ्यांना आवडलं, म्हणून येताना एक छोटी ग्रिल सामानात टाकून आणली. तिच्या तोंडाला आपली नळी बसत नव्हती. इथल्या एका मिस्त्रीने खराद मशीनवर पितळी अडॅप्टर काढून दिला. जोडणी झाली, गळतीही नव्हती, गॅस येतही होता, आणि तरी वांगं कच्चं.

मोटरहोमवाल्यांना जगभर हा अनुभव येतो. ग्रिल बिघडलेली नसते, सिलिंडर भरलेला असतो, गाडीतली शेगडी उत्तम पेटते. दोघांची जोडी मात्र जमत नाही. ती का जमत नाही हे एकदा नीट समजलं की बाहेरचं कोणतं उपकरण गाडीच्या गॅसवर चालेल आणि कोणतं नाही, हे दुकानात उभ्या उभ्या ठरवता येतं.

तीस सेंटिमीटर पाणी

आपल्या घरच्या शेगडीपर्यंत गॅस किती दाबानं येतो? भारतातल्या घरगुती शेगड्या दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम या दाबासाठी बनवलेल्या असतात. आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर एका उभ्या नळीत ३० सेंटिमीटर पाणी भरा. तळाशी जो दाब पडेल तो हाच. शाळेच्या कंपासपेटीबाहेरची मोठी फूटपट्टी असते ना, तेवढ्या उंचीचं पाणी, बस. अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये रेग्युलेटरनंतरचा दाब ११ इंच पाण्याचा, म्हणजे २८ सेंटिमीटर. युरोपातल्या नव्या गाड्यांमध्ये ३० मिलिबार, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. तिन्ही जवळजवळ सारखेच.

आता सिलिंडरच्या आत बघू. तिथे गॅस द्रवरूपात असतो, त्याच्यावर वाफ असते, आणि त्या वाफेचा दाब तापमानावर ठरतो. सिलिंडर अर्धा असो की पाऊण, आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब जवळजवळ तोच. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश सहज होतात. त्या तापमानाला शुद्ध प्रोपेनचा दाब पाण्याच्या हिशेबात १४० मीटरच्या वर जातो, ब्युटेनचा साधारण ३४ मीटर. आपला एलपीजी या दोघांचं मिश्रण आहे, त्यामुळे त्याचा दाब या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. अमेरिकेत मोटरहोमला जवळपास शुद्ध प्रोपेन भरतात.

म्हणजे अशा उन्हात सिलिंडरच्या तोंडाशी दाब चौतीस मीटरहून जास्त पाण्याचा, आणि शेगडीला हवा फक्त तीस सेंटिमीटरचा. मधली उतरण रेग्युलेटर करतो.

रेग्युलेटर कसा काम करतो हे समजायला घराच्या गच्चीवरची टाकी आठवा. टाकी भरत आली की बॉलकॉकचा गोळा वर येतो आणि येणारी धार बंद करतो. पाणी वापरलं की गोळा खाली, धार सुरू. रेग्युलेटरमध्ये गोळ्याच्या जागी रबराचा पडदा असतो, त्याच्यावर स्प्रिंग, आणि पडद्याला जोडलेली छोटी दांडी. बाहेरच्या बाजूचा दाब ठरलेल्या मापाहून वाढला की पडदा उचलला जातो आणि दांडी आत येणारं छिद्र झाकते. दाब उतरला की स्प्रिंग पडद्याला दाबते आणि छिद्र उघडतं. शेगडी मंद करा, मोठी करा, आतल्या आत हे सतत चालू असतं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. ते आत येणारं छिद्र फार बारीक असतं. मुद्दामच, कारण त्याच्या मागे प्रचंड दाब असतो. एवढ्या दाबाला बारीक छिद्रातूनही भरपूर गॅस ढकलता येतो.

एकावर एक दोन रेग्युलेटर

खिंडसीला आमचं चुकलं ते इथे. कॅरव्हॅनच्या बाहेरच्या पॉइंटवर येणारा गॅस गाडीच्या रेग्युलेटरमधून उतरून आलेला, तीस सेंटिमीटरचा. ग्रिलच्या तोंडाशी मात्र तिचा स्वतःचा रेग्युलेटर, जो सिलिंडरच्या थेट दाबाच्या अपेक्षेनं बनवलेला. त्याचं बारीक छिद्र पूर्ण उघडं पडलं होतं, पण मागून ढकलणारं कोणी नव्हतं.

काटोल-नरखेडकडे ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत त्यांना हे एका वाक्यात कळेल. ठिबकची नळी एक किलो दाबासाठी, म्हणजे दहा मीटर पाण्याच्या दाबासाठी असते. तीच नळी पंपाऐवजी स्टुलावर ठेवलेल्या बादलीला जोडली तर झाडाला काय मिळेल? थेंब पडतील, पण झाड वाळेल. आमचं वांगं त्या झाडाच्या जागी होतं.

इथे कोणी म्हणेल, अमेरिकन मोटरहोममध्येसुद्धा दोन टप्प्यांचा रेग्युलेटर असतो, मग तिथे कसं चालतं? असतो, बरोबर आहे. पहिला टप्पा टाकीचा दाब साधारण ७ मीटर पाण्यावर आणतो आणि दुसरा तिथून २८ सेंटिमीटरवर. पण दुसरा टप्पा सात मीटर दाब घेण्यासाठीच बनवलेला असतो. दोघं एकमेकांची मापं ओळखतात. उन्हातान्हात टाकीचा दाब वरखाली झाला तरी दुसऱ्या टप्प्याला ते कळतही नाही, म्हणून ही रचना चांगली. आमच्याकडे मात्र दुसऱ्याला तीस सेंटिमीटरच मिळत होते.

जेट आणि दाब यांचं लग्न

बर्नरच्या खाली, आपल्याला सहसा न दिसणारा, एक पितळी जेट असतो. मिस्त्री त्याला नोजलही म्हणतात. मध्ये सुईच्या टोकाएवढं छिद्र. त्यातून गॅस वेगानं बाहेर पडतो आणि त्या वेगाच्या ओढीनं शेजारच्या झडपेतून हवा आत खेचतो. प्रोपेनचा एक भाग पुरता जळायला साधारण २४ भाग हवा लागते, ब्युटेनला ३१. निळी ज्योत म्हणजे ही हवा नीट मिळाल्याची खूण.

जेटमधून किती गॅस जाईल हे दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. दाब चौपट केला तर गॅस दुप्पट. दाब पाव केला तर गॅस निम्मा. तीस सेंटिमीटरचे साडेसात राहिले तर शेगडी अर्ध्या ताकदीची झाली. आणि नुकसान तेवढंच नाही. वेग कमी म्हणजे हवाही कमी ओढली जाते. ज्योत पिवळी, आळशी होते, भांड्याला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो, ज्याला वास नाही आणि रंगही नाही. म्हणून मंद पिवळी ज्योत पाहून 'चालेल, वेळ लागेल थोडा' असं म्हणत बसू नये. विशेषतः मांडव, ताडपत्री किंवा गाडीच्या छताला लावलेल्या कापडी छपराखाली तर नकोच.

उलटी चूक याहून घातक आहे. परत आल्यावर मिस्त्रीने तीच सुचवली. तो म्हणाला, "साहेब, हाय प्रेशरवाला रेग्युलेटर लावून टाकू. मंग पाहा कसं पेटते."

हलवाई आणि केटरिंगवाले मोठ्या भट्टीला फिरवून कमीजास्त करता येणारा जो रेग्युलेटर लावतात, त्याबद्दल तो बोलत होता. त्याने ग्रिल पेटलीही असती. पण त्याच लाइनवर गाडीच्या आतली शेगडी आहे. तिचे जेट, तिचे कॉक, तिची रबरी नळी, सगळं तीस सेंटिमीटरसाठी. त्या लाइनीत तीन मीटरचा दाब सोडला, म्हणजे दहापट, तर गॅस तिपटीहून जास्त जाणार. ज्योत बर्नर सोडून वर तरंगते, आवाज करते, विझते, आणि न जळलेला गॅस बाहेर पडत राहतो. झोपायच्या जागेपासून दोन हातांवर. मी त्याला हात जोडून नको म्हटलं. तो माणूस कामाला चांगला आहे, त्याची सवय भट्ट्यांची होती एवढंच.

जेट आणि दाब यांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते. एक बदलला की दुसराही बदलावा लागतो, आणि ते काम उपकरण बनवणाऱ्याने दिलेल्या किटनेच व्हायला हवं. जेटला छिद्र मोठं करून द्या, असं सांगणारे कारागीर इतवारीत मिळतात. मिलिमीटरचा दहावा भाग इकडे-तिकडे म्हणजे केवढा फरक, हे डोळ्याला दिसत नाही.

मग बाहेर काय लावता येतं

बाहेर वापरायची गॅसची उपकरणं ढोबळमानाने तीन जातींची. हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

पहिली जात कमी दाबावरच चालणारी, स्वतःचा रेग्युलेटर नसलेली. आपली साधी एक बर्नरची आयएसआय शेगडी यातच येते. अमेरिकेत मोटरहोमच्या बाहेरच्या पॉइंटसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्रिल, युरोपातले ३० मिलिबारचे कॅम्पिंगचे चुलेही यातलेच. ही थेट गाडीच्या पॉइंटला जोडायची. मध्ये काही नको.

दुसरी जात घराच्या अंगणात ठेवायच्या मोठ्या ग्रिलची. सिलिंडरपासून येणाऱ्या नळीवरच रेग्युलेटर असतो आणि तो गॅस त्याच ११ इंचांवर आणून ग्रिलला देतो. म्हणजे ग्रिलच्या पोटातले जेट गाडीच्या दाबाशी जुळणारेच असतात. अशा ग्रिलची रेग्युलेटरवाली नळी काढून तिच्या जागी साधी कमी दाबाची नळी लावली, आणि बनवणाऱ्याने तशी परवानगी दिलेली असली, तर ती गाडीवर छान चालते. अमेरिकेत याची तयार किट मिळतात.

तिसरी जात फसवी. छोट्या, हातात मावणाऱ्या, सुमारे ४६५ ग्रॅमच्या प्रोपेनच्या डब्यावर चालणारे चुले आणि ग्रिल. मावसभावाची ग्रिल यातलीच. यात रेग्युलेटर आणि कॉक बहुधा एकाच तुकड्यात असतात, आणि तो तुकडा बर्नरला कमी दाब देत नाही, बराच जास्त दाब देतो. जेट त्या मानाने अगदी बारीक. त्यामुळे नुसता रेग्युलेटर काढून टाकला तरी भागत नाही. तीस सेंटिमीटरला त्या बारीक जेटमधून काय जाणार? एक तर बनवणाऱ्याचं कमी दाबाचं किट मिळवायचं, नाही तर त्याला त्याचा जास्त दाबच द्यायचा.

अमेरिकन मंडळी हे दुसरं कसं करतात ते सांगतो. ते टाकी आणि गाडीचा रेग्युलेटर यांच्या मध्ये एक पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवतात. टीच्या एका तोंडातून गॅस नेहमीसारखा गाडीच्या रेग्युलेटरकडे, दुसऱ्यातून जास्त दाबाच्या खास नळीने थेट ग्रिलकडे. ग्रिलचा स्वतःचा रेग्युलेटर मग पहिलाच ठरतो आणि नीट काम करतो. यात नळीची लांबीही फारशी आड येत नाही, कारण दाब शेवटी उपकरणाजवळ उतरतो. जास्त दाबाची नळी मात्र गाडीच्या बाहेरच राहायला हवी, आत कधीही नाही.

आपल्याकडे हा मार्ग मी कोणाला सुचवणार नाही. आपल्या घरगुती सिलिंडरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होणारा, वरून रेग्युलेटर टक्कन बसणारा. टी लावायला त्याला आटे नाहीत, आणि आटे पाडून घेणं हा विचारच मनात आणू नये. तिसऱ्या जातीचं उपकरण चालवायची फार हौस असेल तर त्याच्या कंपनीच्या सल्ल्याने, वेगळ्या सिलिंडरवर, गाडीपासून लांब.

युरोपातून गाडी चालवत येणारे प्रवासी कन्याकुमारीकडे जाताना नागपूरवरून जातात, राष्ट्रीय महामार्ग ४४ इथूनच जातो ना. त्यांच्यापैकी कोणी दारात उतरला आणि आपल्या शेगडीला गॅस जोडून मागू लागला, तर आधी उपकरणाची पाटी वाचा. जुन्या जर्मन गाड्यांमध्ये ५० मिलिबारची रचना असे, आताच्या गाड्यांत ३०. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ब्युटेनला २८ आणि प्रोपेनला ३७. तीसचं उपकरण पन्नासला जोडलं तर गॅस सुमारे २९ टक्के जास्त जातो, आणि ज्योत लगेच सांगते की काहीतरी बिनसलंय.

नळीत हरवणारा दाब

कमी दाबाच्या लाइनीत आपल्या हाती मुळात तीसच सेंटिमीटर. वाटेत पाच हरवले तर सहावा भाग गेला. नळी जितकी लांब आणि बारीक तितकं हे हरवणं जास्त, आणि बारीकपणा तर फारच महाग पडतो. आतला व्यास निम्मा केला तर तेवढाच गॅस न्यायला सोळापट किंवा त्याहून अधिक दाब खर्ची पडतो. म्हणून बाहेरचा पॉइंट ग्रिल ठेवायच्या जागेजवळ काढावा. सहा मीटर नळी ओढत नेणं, दोन नळ्यांना जोड देणं, ही सोय नाही. जोड म्हणजे गळतीला एक जागा.

गॅस किती लागेल याचा हिशेबही सोपा आहे. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १२.८ किलोवॅट-तास उष्णता मिळते. अमेरिकन ग्रिलवर बीटीयू, म्हणजे तिकडचं उष्णतेचं माप, लिहिलेलं असतं. दर तासाला १०,००० बीटीयू म्हणजे २.९ किलोवॅट, म्हणजे तासाला साधारण २३० ग्रॅम गॅस. पाच किलोच्या सिलिंडरवर ती ग्रिल एकवीस-बावीस तास चालेल. आतली शेगडी आणि बाहेरची ग्रिल एकदम लावणार असाल तर दोघांची बेरीज करा आणि रेग्युलेटरवर कोरलेल्या, तासाला किती किलो, या आकड्याशी ताडून बघा. एकटी शेगडी चांगली, एकटी ग्रिल चांगली, दोन्ही एकदम लावल्यावर दोन्ही मंद, असं होत असेल तर बहुधा रेग्युलेटर किंवा नळी कमी पडते आहे.

आणखी एक कारण हिवाळ्यात भेटतं. नागपूरला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. दहा अंशांना प्रोपेनचा दाब ५५ मीटर पाण्याइतका असतो, ब्युटेनचा मात्र जेमतेम ५ मीटर. मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो आणि सिलिंडर संपत आला की तळाशी ब्युटेनच जास्त उरतो. थंडीत शेवटचा अर्धा किलो रडतरडत जळतो तो यामुळे. त्यात मोठी ज्योत सतत चालू ठेवली तर वाफ होताना उष्णता ओढली जाते आणि सिलिंडर आणखी थंड होतो, बाहेरून दव धरतं. त्याला गरम पाण्यात ठेवू नका, शेकोटीजवळ तर मुळीच नको. ज्योत कमी करा, ऊन येऊ द्या.

यू नळीने मोजलेलं सत्य

घरी आल्यावर मी तर्क करत बसण्याऐवजी मोजायचं ठरवलं. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं साधन, शिकवताना जे करत होतो तेच. पारदर्शक नळी यू आकारात फळीला बांधली, आत कुंकवाचं पाणी भरलं म्हणजे पातळी ठळक दिसते, शेजारी फूटपट्टी. अधिकृत गॅस मेकॅनिकला बोलावून त्याच्या हाताने, उघड्या अंगणात, नळीचं एक टोक गाडीच्या बाहेरच्या पॉइंटला जोडलं. दुसरं टोक मोकळं. दोन बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे दाब.

काहीच चालू नसताना ३२ सेंटिमीटर. थोडा जास्त असणं स्वाभाविक आहे, कारण गॅस वाहत नसताना पडदा छिद्र घट्ट मिटायला जरा जोर लावतो. आतली शेगडी पूर्ण मोठी केल्यावर २९. गाडीची बाजू निर्दोष. मग ग्रिलच्या रेग्युलेटरनंतर मोजलं. बर्नर चालू केला तेव्हा ४. पाण्याच्या त्या चार सेंटिमीटरकडे बघून मावसभाऊ काही बोलला नाही, नुसता मान हलवत राहिला.

हीच यू नळी गळती तपासायलाही चालते. सिलिंडर बंद, सगळे बर्नर बंद, आणि दहा मिनिटं पातळी बघत राहायचं. सरकली तर कुठेतरी गळतंय. मग साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड तपासायचा. काडी पेटवून तपासणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका.

खाली साचणारा गॅस

एलपीजी हवेपेक्षा जड. प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली वाहतो, खड्ड्यात, पायरीखाली, गाडीच्या तळाशी साचतो. हवेत दोन टक्के झाला की ठिणगीला तेवढं पुरतं. म्हणून सिलिंडरची पेटी राहण्याच्या भागापासून पूर्ण बंद आणि तिला तळाशी बाहेर उघडणारी मोकळी भोकं हवीत. गाडीच्या फरशीतही अशी भोकं असतात. थंडी लागते म्हणून त्यांच्यावर गालिचा टाकणाऱ्या घरच्या मंडळींना हे नीट समजावून सांगा. सिलिंडर कायम उभा. आडवा झाला तर वाफेऐवजी द्रव नळीत शिरतो, आणि द्रवाचा एक भाग वाफ होताना अडीचशेपट फुगतो.

बाहेरचा पॉइंट वापरताना क्रम पाळा. आधी ग्रिलचा कॉक बंद आहे का बघा, मग नळी लावा, मग पॉइंटचा कॉक उघडा, जोडावर साबणाचं पाणी फिरवा, आणि मगच पेटवा. आवरताना आधी पॉइंट बंद करा, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग नळी काढा आणि पॉइंटला टोपण लावा. टोपण फार महत्त्वाचं. कुंभारीण माशी अशा भोकात मातीचं घर करते, ग्रिलच्या हवेच्या झडपेत आणि रेग्युलेटरच्या श्वासाच्या छिद्रातही. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी काढाल तेव्हा ती छिद्रं आधी बघा. ग्रिल खिडकीखाली किंवा फरशीच्या, पेटीच्या भोकांजवळ ठेवू नका. आणि गाडी रस्त्यावर आली की सिलिंडर बंद, रेग्युलेटर काढलेला.

गाडी एलपीजीवर धावणारी असेल तर इंजिनच्या टाकीतून शेगडीला गॅस घ्यायचा मोह टाळा. ती टाकी इंजिनला द्रव गॅस देण्यासाठी बांधलेली असते, शेगडीला वाफ लागते.

सिलिंडर कोणता? घरच्या कनेक्शनचा १४.२ किलोचा उचलून गाडीत टाकू नका, तो घरगुती स्वयंपाकासाठीच दिलेला आहे. बाजारभावाने मिळणारा पाच किलोचा घ्या. इंडियन ऑइल तो छोटू नावाने विकतं, ओळखपत्रावर मिळतो. घेताना कड्याच्या पट्टीवरची अक्षरं वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी आणि डी पुढचे, शेजारी वर्ष. ती तारीख उलटली असेल तर सिलिंडरची चाचणी बाकी आहे, तो घेऊ नका. नळीवरही साल छापलेलं असतं, सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची.

गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते, आणि मोटर कॅरव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे मानक आहे. कॅरव्हॅन बांधणाऱ्याला त्याबद्दल विचारा, उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरा बघा. देशभरातले गॅस सिलिंडर, व्हॉल्व्ह यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली मंजुरी देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. मला त्याचा नागपूरकर म्हणून अभिमान वाटतो, आणि म्हणूनच याच शहरात खरादावर काढलेल्या अडॅप्टरने गॅस जोडला जातो तेव्हा जास्त टोचतं. तो अडॅप्टर आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. गळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

ग्रिल मावसभावाने जपून गुंडाळून ठेवली, लेक पुढच्या वेळी येताना कमी दाबाचं किट मिळतं का बघणार आहे. तोवर त्याने आयएसआय मार्कची एक बर्नरची शेगडी आणि वर ठेवायला लोखंडी जाळी घेतली. पहिल्या जातीतली, मध्ये काही नसलेली. जानेवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा खिंडसीला गेलो. यू नळी मी सोबत नेली होती. बर्नर पूर्ण मोठा केला तेव्हा पाणी २८ वर थांबलं, ज्योत निळी होती, आणि वांगं उलटवायला चिमटा शोधेपर्यंत त्याची एक बाजू काळी पडून फुटली होती.